भालाफेकीसाठी मेडिसिन बॉल किती किलोचा घ्यावा आणि रोज किती रेप्स माराव्या?

मेडिसिन बॉल म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, तो दोन किंवा फार तर तीन किलोचा. दुकानदार पाच किलोचा गळ्यात मारेल, घेऊ नका.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. कॉलेजात भाला फेकायचो तेव्हा आमचे सर 'जड तेवढं चांगलं' या पंथातले. मेडिसिन बॉल कुठला, जुन्या फुटबॉलात वाळू भरून मोच्याकडनं शिवून घेतलेला, पावसात भिजला की सात किलो तरी भरत असेल, आणि तो आम्ही डोक्यावरून शंभर शंभर वेळा फेकायचो. तीसेक फेकींनंतर ती फेक राहतच नाही हो, नुसतं ढकलणं, कंबर मागे मोडते, कोपर खाली पडतं. एकदा विचारलं, सर, भाला 800 ग्रॅमचा, मग हे सात किलो कशाला? तर सगळ्या पोरांसमोर, कोच तू की मी! त्याच मोसमात कंबर धरली आणि इंटर-कॉलेज मीटला मी टेप धरून दुसऱ्यांच्या फेकी मोजत होतो.

नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा दोन किलोचा रबरी बॉल घेतला. घरामागे चिऱ्याची भिंत, तिला आडवं उभं राहायचं, मागचा पाय रेटून आधी कंबर फिरवायची, हात शेवटी. जोर पायातनं आला तर खणखणीत आवाज येतो, नुसत्या हातानं मारला की बद्द. तळवे लाल भुकटीनं माखायचे, आई आतून ओरडायची, भिंत पाडतोस की काय रे!

रेप्स, म्हणजे सलग फेकी, सहा ते आठ, मग दीडेक मिनिट गप्प उभं राहा, असे तीन-चार सेट, आठवड्यातनं दोनदा, तेही वॉर्मअपनंतर अंग ताजं असताना. रोज नको. स्पीड पडला की बॉल ठेवून द्या. दमायचंच असेल तर मिरामारच्या किनाऱ्यावर वाळूत धावा ना.

हां, गोळाफेकवाल्यांना जड चालतो, पुरुषांचा गोळाच 7.26 किलोचा. आणि रबरी बॉल जमिनीवर आपटताना तोंड वर ठेवू नका, सरळ नाकावर येतो, त्याला न उसळणारा स्लॅम बॉल वेगळा मिळतो. कंबर आधीच दुखत असेल तर पहिलं फिजिओकडे जा.

सर अजून भेटतात, परवा चतुर्थीच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान घेताना भेटले, म्हणे तुमच्या बॅचची पोरं दणकट होती. आम्ही चौघे फेकायचो, त्यातल्या दोघांना आज मांडी घालून जेवायला बसता येत नाही.