कॅव्हिअर एवढं महाग का असतं? आयुष्यात एकदा तरी पैसे घालून खावं का?

महाग का, ते आधी सांगून टाकतो. कॅव्हिअर म्हणजे स्टर्जन नावाच्या माशाची मीठ लावलेली अंडी. स्टर्जन माशाची मादी अंड्यावर यायलाच वर्षं जातात. फार्ममधली सायबेरियन जात घेतली तरी सहा-आठ वर्षं, ओसेट्राला दहाच्या आसपास, आणि बेलुगाला पंधरा-अठरा, कधी वीससुद्धा. म्हणजे मूल जन्मल्यापासून दहावीला बसेपर्यंतचा काळ एका माशाला नुसतं खायला घालायचं. त्यात नर कुठला मादी कुठली हे बाहेरून कळत नाही, म्हणून तीनेक वर्षांचे झाले की एकेक मासा उचलून त्याची सोनोग्राफी करतात. हो, सोनोग्राफीच. नर निघाला तर साध्या खायच्या माशाच्या भावात गेला. आणि मादीच्या वजनाच्या साधारण दहा-पंधरा टक्के अंडी निघतात, त्यासाठी बहुतेक ठिकाणी ती मारावीच लागते. मग अंड्यांची पिशवी जाळीवर हलक्या हाताने घासून दाणे सुटे करायचे, गार पाण्यात धुवायचे, निथळायचे, तीन ते पाच टक्के मीठ लावायचं आणि डबा बंद, हे सगळं पटापट, नाहीतर दाणा मऊ पडतो. म्हणून तीस ग्रॅमची डबी हजारांत जाते आणि किलोचा भाव काढला तर लाखांत.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नातल्या खालच्या ओळीमुळे. तुम्ही लिहिलंय की नातेवाइकांच्या पार्टीत खाल्लं, काळं होतं, खारट होतं, काही खास नव्हतं, मग लोक कशावर पैसे उडवतात. माझं स्पष्ट मत, तुम्ही कॅव्हिअर खाल्लेलंच नाही.

मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या कोल्ड किचनमध्ये बरीच वर्षं काढली. सॅलड, कोल्ड कट्स, स्मोक्ड सामन, आणि बँक्वेट मोठं असलं की कॅव्हिअर. सुरुवातीला इराण-रशियाचे डबे बघितले, नंतर बघता बघता चीनचे यायला लागले. स्टोअरमधून डबा निघाला की सही करून घ्यायचा, बर्फावर ठेवायचा, आणि शेफ हाताच्या मागच्या बाजूला, अंगठ्याजवळ, चार दाणे ठेवून आम्हाला चाखायला लावायचे. हाताच्या ऊबेने वास वर येतो. चांगल्या मालाला मासळीचा वास नसतो, लोण्यासारखी चव येते, मग अक्रोडासारखं काहीतरी, आणि मीठ सगळ्यात शेवटी. खाऊन झाल्यावर हाताला वास राहिला तर तो डबा बाहेर जायचा नाही.

तर माझ्या साडूंच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता, ठाण्याला, सोसायटीच्या हॉलमध्ये. साडू दुबईला होते, पैसा चांगला कमावला, त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. उकडलेल्या अंड्यांचे अर्धे भाग, त्यावर क्रीम, त्यावर काळे दाणे, असा ट्रे स्वतः फिरवत होते आणि प्रत्येकाला सांगत होते, कॅव्हिअर आहे, जपून घ्या, एवढ्याशा बाटलीत तुमचा पगार जाईल. मी ट्रेकडे बघितलं तर क्रीमवर निळसर करडा रंग उतरला होता. तिथेच कळलं. स्टर्जनच्या अंड्याचा रंग असा कधीच सुटत नाही. ही लंपफिश नावाच्या माशाची अंडी, आइसलंड-नॉर्वेकडचा स्वस्त मासा, अंडी काळ्या रंगात बुडवतात, पाश्चराइज करतात आणि बाटलीत भरतात. ती बाटली त्यांच्या शोकेसमध्ये बाहुल्यांशेजारी कित्येक महिने उभी होती हे मी डोळ्यांनी बघितलेलं. खरं कॅव्हिअर शून्य अंशाच्या आसपास ठेवावं लागतं, ठाण्याच्या मे महिन्यात शोकेसमध्ये ते आठवडाभरही टिकणार नाही.

मी गप्प बसलो असतो. पण त्याच दिवशी सासूबाई पहाटे मार्केटला जाऊन रावसाची गाबोळी, म्हणजे त्या माशाची अंडी, घेऊन आल्या होत्या, हळद-तिखट-आगळ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून, जावयांना आवडते म्हणून डबा भरून तळून आणलेली. साडूंनी तो डबा आतच ठेवायला लावला, हॉलमध्ये वास सुटेल म्हणून. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पदराने हात पुसत आत जाऊन बसल्या. मग मला राहवलं नाही, मी साडूंना बाजूला घेऊन हळूच म्हटलं की हे स्टर्जनचं नाही, बाटली बघा, मागे बारीक अक्षरात लंपफिश लिहिलेलं असेल. ते मोठ्याने म्हणाले, "अहो, तुम्ही लोक हे प्लेटमध्ये वाढायचात, खायचे आम्ही. तुम्हाला काय माहीत!" चार लोक हसले.

माहीत आहे, म्हणूनच सांगतो. स्टर्जन हा मासा वीस कोटी वर्षांपासून पृथ्वीवर आहे, डायनासोर आले आणि गेले, हा टिकला. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या ढालींच्या रांगा, तोंडाशी मिशा, दात नाहीत, तळाशी गाळात हुंगत खातो. बेलुगा हजार किलोच्या वर जाऊ शकतो आणि शंभर वर्षं जगू शकतो. आणि शंभरेक वर्षांत माणसाने त्याची वाट लावली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या नद्यांत स्टर्जन एवढा होता की तिथल्या दारूच्या गुत्त्यांमध्ये खारट कॅव्हिअर फुकट ठेवायचे, गिऱ्हाइकाला तहान लागावी म्हणून, आणि तोही मासा थोड्या वर्षांत उपसून संपवला. कॅस्पियन समुद्रातला मासा अंडी घालायला व्होल्गा नदीत वर चढायचा, तिथे व्होल्गोग्राडचं धरण झालं आणि वाट बंद. १९९१ ला सोव्हिएत युनियन फुटल्यावर चोरटी मासेमारी अशी वाढली की १९९८ पासून सगळ्या स्टर्जनांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आणावा लागला. २०२२ मध्ये आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सांगितलं की उरलेल्या सगळ्याच्या सगळ्या जाती धोक्यात आहेत. आज बाजारात कायदेशीर मिळतं ते जवळजवळ सगळं फार्मचं, आणि त्यात चीन सगळ्यात पुढे. त्यामुळे चीनचं म्हणजे डुप्लिकेट असं कुणी सांगितलं तर त्याचं ज्ञान तिथेच कळतं, युरोपातल्या मोठमोठ्या रेस्टॉरंटमध्ये तेच जातं.

एवढी वर्षं जगून अंड्यावर आलेल्या माशाच्या नावाने रंगवलेली बाटली फिरवायची, आणि सत्तरीच्या बाईने पहाटे उठून आणलेली ताजी गाबोळी लपवायची, हे मला आजही सहन होत नाही.

आता खावं का. परवडत असेल तर एकदा जरूर खा, पण दोघांत तीस ग्रॅम, चाळीस लोकांत एक बाटली नाही. डबीवर साइट्सचं लेबल असतं ते वाचा. जातीचा तीन अक्षरी कोड, म्हणजे बेलुगा असेल तर एचयूएस, ओसेट्रा जीयूई, सायबेरियन बीएई, मग फार्मच्या मालाला सी, देशाचा कोड आणि काढल्याचं वर्ष. हे लेबल नसेल तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी घेऊ नका, आणि "वाइल्ड बेलुगा आहे, ओळखीतून आणलंय" म्हणाला तर अजिबातच नाही. कांदा-लिंबू त्यावर घालू नका, ते खराब माल झाकायला असतं. चांदीचा चमचा नको, चव बिघडते, शिंपल्याचा नसेल तर प्लास्टिकचा चालतो. नुसतं खा, नाहीतर साध्या ब्लिनीवर, म्हणजे छोट्या रशियन पॅनकेकवर, क्रीमसोबत. आणि पैसे नसतील तर मनाला लावून घेऊ नका, मुंबईतल्या सिटीलाइट मासळी मार्केटला जाऊन चांगली गाबोळी घ्या, चवीत ती कुठेच कमी नाही, मी दोन्ही भरपूर खाल्लंय.

हां, एक राहिलं, लंपफिश वाईट असतं असं नाही, सँडविचवर आम्हीही वापरायचो, फक्त तेच नाव सांगून. बीपी असेल तर दोन्ही बेतानेच, मीठ भरपूर असतं, आणि गरोदर बाईने पाश्चराइज न केलेलं खाऊ नये. उघडलेली डबी बर्फात ठेवून एक-दोन दिवसांत संपवा. ती शोकेसमध्ये ठेवायची वस्तू नाही, आणि माझे साडू हे वाचत असतील तर त्यांनी ती बाटली अजून असेल तर मागचं लेबल आज तरी वाचावं.