अडीच हजार सैनिक नेमकं काय करत होते?

प्रिय विद्यार्थीमित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. अमेरिका आणि नाटोने अफगाणिस्तानात सैन्य ठेवायला हवं होतं का, हा प्रश्न तू निवडलास याचा आनंद झाला. पहिल्याच पानावर तू एका बाजूला मुलींच्या शाळा मांडल्या आहेस आणि दुसऱ्या बाजूला वीस वर्षांत मेलेले सैनिक. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच पुढची सगळी पानं तिथेच घुटमळतात. यातून वाट काढायची तर आधी हिशेब मांड. कोणत्या वर्षी किती सैनिक होते, कुठे होते, त्यांच्याकडे काय काम होतं आणि ते निघाले की नेमकं काय बंद पडणार होतं?

तुझ्या आराखड्यात २००१ ते २०२१ हा काळ सलग धरला आहे. तो सलग नव्हता. डिसेंबर २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठराव १३८६ ने आयसॅफ, म्हणजे अनेक देशांचं आंतरराष्ट्रीय सुरक्षा साहाय्य दल, उभं राहिलं, तेव्हा त्याची हद्द काबूल आणि आसपासचा भाग एवढीच होती. ऑगस्ट २००३ मध्ये नाटोने सूत्रं घेतली आणि हद्द टप्प्याटप्प्याने देशभर पसरली. १ डिसेंबर २००९ ला ओबामांनी आणखी ३०,००० सैनिक जाहीर केले. २०१०-११ मध्ये एकट्या अमेरिकेचे सुमारे एक लाख आणि सगळ्यांचे मिळून एक लाख तीस हजारांच्या आसपास सैनिक तिथे होते. ३१ डिसेंबर २०१४ ला आयसॅफ संपलं आणि नंतर उरली ती मुख्यतः प्रशिक्षण आणि सल्ल्याची मोहीम. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेचे २,५०० सैनिक उरले होते. 'सैन्य राहायला हवं होतं' हे वाक्य यातल्या प्रत्येक टप्प्यावर वेगळा अर्थ घेतं, म्हणून प्रत्येक प्रकरणात तू कोणत्या टप्प्याबद्दल बोलतो आहेस ते पहिल्याच ओळीत लिही.

आता संख्येकडे ये. अमेरिकी लष्कराच्या २००६ च्या बंडविरोधी युद्धाच्या नियमपुस्तिकेत दर हजार लोकसंख्येमागे किमान २० सुरक्षाकर्मी असा ठोकताळा दिला आहे. त्यात स्थानिक पोलीस आणि सैनिकही धरायचे. अफगाणिस्तानची लोकसंख्या तीन कोटी धरलीस तर हा आकडा सहा लाखांवर जातो. सर्वोच्च काळातले परकी सैनिक आणि कागदावरचे तीन लाखांवर अफगाण सैनिक-पोलीस एकत्र केले तरी तो गाठला जात नाही. शिवाय कागदावरची नावं खरी नव्हती. २०१९ मध्ये बोटांच्या ठशांवर आधारलेली पगारव्यवस्था आली आणि पटावरची सुमारे ४२ हजार नावं कमी झाली. पगार उचलला जात होता, माणूस मात्र चौकीवर नव्हता. ठोकताळा हा सिद्धांत नव्हे, त्याला फार चिकटू नकोस, पण तफावत किती मोठी होती हे त्यातून दिसतं.

ही तफावत जमिनीवर कशी दिसायची ते दक्षिणेतल्या हेलमंद प्रांतात पाहा. २००६ मध्ये ब्रिटनने तिथे सुमारे ३,३०० सैनिक पाठवले. प्रांताचं क्षेत्रफळ साधारण ५८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मराठवाड्यापेक्षा थोडंच कमी. त्या ३,३०० मध्ये स्वयंपाकी, वाहनचालक, दूरसंचारवाले, डॉक्टर, अभियंते असे सगळे आले. बंदूक घेऊन गस्तीला जाणारे हजाराहून कमी होते. ते सांगीन, मूसा काला, नवझाद अशा गावांतल्या छोट्या चौक्यांमध्ये विखुरले गेले आणि आपापल्या चौकीतच वेढले गेले. चौकी पडू नये म्हणून हवाई हल्ले मागवायचे, त्या हल्ल्यांत बाजारपेठ उद्ध्वस्त व्हायची आणि ज्यांच्या रक्षणासाठी आलो तेच लोक गाव सोडून जायचे. सैन्य कमी आणि विस्तार जास्त असला की हेच घडतं. तुझ्या दुसऱ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे, चार-पाच पानं खुशाल दे.

एक सैनिक वर्षभर तिथे ठेवायचा तर एकूण साधारण तीन लागतात: एक तिथे, एक तयारीत, एक परत येऊन विश्रांतीत. ब्रिटिश तुकड्या सहा महिन्यांनी बदलायच्या, अमेरिकी लष्कराच्या बहुधा वर्षाने. म्हणजे गावच्या मलिकाशी, म्हणजे मुखियाशी, ओळख होते न होते तोवर अधिकारी बदललेला. आणि 'पाश्चात्त्य सैन्य' असं एकसंध काही नव्हतंच. आपल्या सैनिकांनी कुठे जायचं आणि काय करायचं नाही, याच्या अटी प्रत्येक देशाच्या वेगळ्या होत्या. जर्मन संसद ठरावीक मुदतीचीच परवानगी द्यायची आणि ती पुन्हा पुन्हा मंजूर करून घ्यावी लागायची. उरुझगान प्रांतातली मोहीम लांबवण्याच्या प्रश्नावर फेब्रुवारी २०१० मध्ये नेदरलँड्सचं सरकार कोसळलं आणि ऑगस्टपासून डच सैनिक परतू लागले. कॅनडाने २०११ मध्ये कंदाहारमधली लढाऊ मोहीम संपवली. म्हणून किती काळ राहावं याचं उत्तर काबूलइतकंच हेग, बर्लिन आणि ओटावामध्येही शोध.

रसदीवर तुझ्या आराखड्यात एक ओळही नाही. ती उणीव मोठी आहे. अफगाणिस्तानला समुद्र नाही. जड माल कराची बंदरात उतरायचा आणि तिथून तोरखम किंवा चमनच्या सीमेवरून आत जायचा. २६ नोव्हेंबर २०११ ला पाकिस्तानच्या सीमेवरच्या सलाला इथे अमेरिकी हवाई हल्ल्यात पाकिस्तानचे २४ सैनिक मारले गेले आणि हे दोन्ही रस्ते जुलै २०१२ पर्यंत बंद झाले. पर्यायी उत्तरेकडचा मार्ग लाटव्हियातल्या रिगापासून रशिया, कझाकस्तान, उझबेकिस्तान ओलांडून अफगाण सीमेवरच्या हैरतानला पोहोचायचा. तो लांब आणि खर्चिक होता, शिवाय रशियाच्या मर्जीवर चालणारा. ज्या पाकिस्तानात तालिबानच्या नेतृत्वाला आसरा होता, त्याच पाकिस्तानच्या रस्त्याने तालिबानशी लढणाऱ्यांचा माल येत होता. त्यामुळे इस्लामाबादवर दबाव आणायला मर्यादा होती. सैन्य जितकं मोठं, तितकं त्या रस्त्यावरचं अवलंबित्व मोठं. 'आणखी सैनिक पाठवायला हवे होते' म्हणणाऱ्यांनी या गणिताला उत्तर द्यायला हवं, आणि ते फार कमी जण देतात.

आता २०२१. इथे तुझा युक्तिवाद सर्वांत कच्चा आहे. तू लिहिलंस की २,५०० सैनिकांवर काम नीट चाललं होतं, कारण वर्षभरात एकही अमेरिकी सैनिक लढाईत मेला नाही. तो आकडा खरा आहे, पण कारण वेगळं आहे. २९ फेब्रुवारी २०२० ला कतारमधल्या दोह्यात अमेरिकेचे दूत खलीलझाद आणि तालिबानचे नेते मुल्ला बरादर यांच्यात करार झाला. तालिबानने परकी सैनिकांवरचे हल्ले थांबवायचे आणि अमेरिकेने १४ महिन्यांत, म्हणजे १ मे २०२१ पर्यंत, पूर्ण निघून जायचं. ती शांतता निघण्याच्या बदल्यात मिळालेली होती. त्याच महिन्यांत अफगाण सैनिक मात्र रोज मरत होते. १ मे नंतर राहण्याच्या हेतूने थांबलं असतं तर हल्ले पुन्हा सुरू झाले असते आणि २,५०० चे किती करावे लागले असते, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेचे तेव्हाचे सर्वोच्च लष्करी अधिकारी जनरल मिली आणि त्या भागातल्या अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल मॅकेन्झी यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये सिनेटसमोर २,५०० ठेवण्याच्या बाजूने मत नोंदवलं. मिली यांनी हेही सांगितलं की ३१ ऑगस्टनंतर, म्हणजे निघण्यासाठी ठरलेल्या शेवटच्या तारखेनंतर, थांबायचं तर काबूलजवळचा बग्राम हा मुख्य हवाई तळ परत घ्यावा लागला असता आणि आणखी पंधरा-वीस हजार सैनिक लागले असते. दोन्ही विधानं शेजारी शेजारी दे, त्यातलं सोयीचं तेवढं उचलू नकोस.

दोहा कराराचा मजकूर स्वतः वाच. तो जेमतेम चार पानांचा आहे. त्यात सैनिकांबरोबर खासगी कंत्राटदार, प्रशिक्षक आणि सल्लागार यांनीही जायचं असं लिहिलं आहे. वर्तमानपत्रांनी सैनिक मोजले, पण २०२१ च्या सुरुवातीला कंत्राटी माणसं १६ ते १८ हजार होती. अफगाण हवाई दलाची विमानं त्यांच्यातल्या तंत्रज्ञांच्या हातावर उडत होती. आधी अफगाणांकडे रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टर होती. ती उंचावर बरी चालायची, माल जास्त घ्यायची आणि त्यांची बहुतेक दुरुस्ती अफगाण मेकॅनिक स्वतः करायचे. रशियाने २०१४ मध्ये युक्रेनचा क्रिमिया बळकावल्यानंतर रशियन सामान विकत घेणं अमेरिकेला राजकीयदृष्ट्या अवघड झालं आणि अमेरिकी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर दिली गेली. ती कमी माल उचलतात, आणि त्यांची देखभाल जवळपास पूर्णपणे कंत्राटदारांकडे होती. अमेरिकेच्या पुनर्बांधणी महानिरीक्षकांच्या कार्यालयाने, म्हणजे सिगारने, २०२१ च्या सुरुवातीलाच बजावलं होतं की कंत्राटदार गेले तर कोणतंही विमान काही महिन्यांपलीकडे लढाईच्या उपयोगाचं राहणार नाही. तसंच झालं. ब्लॅक हॉकची सज्जता एप्रिल-मेमध्ये ७७ टक्के होती, जूनमध्ये ती ३९ टक्क्यांवर आली.

यावरून पुढची साखळी लाव. हेलिकॉप्टर नाही, म्हणजे डोंगरातल्या चौकीला दारूगोळा नाही, पाणी नाही, जखमींना नेणं नाही. चौकीतल्या पोरांना ते आठवड्याभरात कळतं. मग गावातली वडीलधारी मंडळी मध्ये पडतात, हत्यारं ठेवा आणि घरी जा म्हणतात. बग्राम १ जुलैच्या रात्री रिकामं झालं. ६ ऑगस्टला निमरोझची राजधानी झरंज पडली, जिथून भारताच्या सीमा सडक संघटनेने बांधलेला २१८ किलोमीटरचा रस्ता देलारामला जातो. १५ ऑगस्टला काबूल. 'अफगाण लढलेच नाहीत' असं लिहू नकोस. सप्टेंबर २०१४ पासून ४५ हजारांवर सुरक्षाकर्मी मेल्याचं अध्यक्ष घनी यांनी जानेवारी २०१९ मध्ये दावोसला सांगितलं होतं. संपूर्ण युद्धातले अमेरिकी सैनिकांचे मृत्यू अडीच हजारांच्या आत आहेत. ज्या लोकांनी एवढं रक्त दिलं त्यांच्यावर एका वाक्यात भ्याडपणाचा शिक्का मारणं अन्याय आहे, आणि ते मला तुझ्या हातून व्हायला नको आहे.

तुलनेसाठी व्हिएतनाम घेतला आहेस, तो ठेव, पण सोव्हिएत संघाच्या पाठिंब्यावरचे अफगाण अध्यक्ष नजीबुल्ला यांचं उदाहरण त्याच्या आधी घे. सोव्हिएत सैन्य १५ फेब्रुवारी १९८९ ला निघून गेलं. सगळ्यांनी सरकार काही आठवड्यांत पडेल असं धरलं होतं. मुजाहिदीन बंडखोरांचा जलालाबादवरचा हल्ला नजीबुल्लांच्या सैन्याने परतवला आणि ते एप्रिल १९९२ पर्यंत टिकले. परकी सैनिक गेले होते, पण पैसा, इंधन, क्षेपणास्त्रं आणि धान्य येत होतं. सोव्हिएत संघ विसर्जित झाला, १९९२ च्या जानेवारीत ती मदत थांबली आणि चार महिन्यांत सगळं संपलं. पायदळ गेलं तरी पुरवठा चालू राहिला तर सरकार तग धरू शकतं, याचा पुरावा त्याच देशात होता.

माझं मत विचारलंस म्हणून सांगतो. कायम राहणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. पण निघण्याची बोलणी २०१०-११ मध्ये, हातात लाखभर सैनिक असताना, काबूलच्या सरकारला सोबत घेऊन मनापासून व्हायला हवी होती. दोह्यात ते सरकार नव्हतंच. आणि २०२१ मध्ये निघायचंच होतं, तर लढाईचा हंगाम संपल्यावर हिवाळ्यात, विमानांच्या देखभालीची सोय लावून निघता आलं असतं. तरीही काबूल वाचलं असतं असं मी ठामपणे म्हणणार नाही. वेळ मिळाला असता, आणि त्या वेळात ज्यांनी परकी सैन्याबरोबर काम केलं होतं त्यांना रीतसर बाहेर काढता आलं असतं. तू याच्या उलट निष्कर्षाला आलास तरी चालेल, फक्त हेलिकॉप्टरचा आणि कराचीच्या रस्त्याचा हिशेब तुझ्या निष्कर्षात बसला पाहिजे.

सिगारचे तिमाही अहवाल क्रमाने वाच, मधूनच उचलू नकोस. कोणता आकडा कधी छापायचा बंद झाला हेही टिपून ठेव. कोणता जिल्हा कोणाच्या ताब्यात, हा तक्ता २०१९ मध्ये बंद केला गेला आणि ती नोंद स्वतःच बोलकी आहे. पुण्यात शिकायला आलेले अफगाण विद्यार्थी अजून भेटतील, त्यांच्याशी जरूर बोल. बोलण्याआधी त्यांना सांग की नाव छापणार नाहीस, आणि मग प्रांत, वडील कोणत्या सरकारी खात्यात होते, कॉलेज, वर्ष यातलंही काही छापू नकोस, कारण या चार गोष्टी जुळवून तिथे मागे राहिलेलं घर शोधता येतं. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर ठेवू नकोस, उतरवून झालं की पुसून टाक.

दुसरं प्रकरण तयार झालं की पाठव, हेलमंदचा नकाशा जोडून.

सस्नेह