शब्दशंका : ‘एग्झॅक्टिंग’ म्हणजे ‘अचूक’ नव्हे

प्रश्न : भोसरीच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे. ग्राहक कंपनीच्या पत्रांत ‘एग्झॅक्टिंग स्टँडर्ड्स’ असे वारंवार येते. शॉपफ्लोअरवरच्या फलकासाठी मी त्याचे ‘अचूक मानके’ असे मराठी केले. सहकाऱ्याला ते पटत नाही. शब्द ‘एग्झॅक्ट’वरूनच आला आहे ना?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : सहकाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. ‘अचूक मानके’ म्हणजे ज्यांत चूक नाही अशी मानके. पत्रात म्हणायचे आहे ते वेगळेच : काम करणाऱ्याकडून भरपूर लक्ष आणि कौशल्य मागणारी, जराही कसूर न चालवून घेणारी मानके.

घोटाळा होतो, कारण इंग्रजीत ‘एग्झॅक्ट’ दोन आहेत. एक विशेषण, अर्थ ‘नेमका’. दुसरे क्रियापद, अर्थ ‘हक्काने किंवा जोराने वसूल करणे’. मराठ्यांनी चौथाई वसूल केली, हे सांगताना इंग्रजी इतिहासग्रंथ हेच क्रियापद वापरतात. ‘एग्झॅक्टिंग’ आला तो या क्रियापदावरून. क्रियापद इंग्रजीत पंधराव्या शतकात दिसते, विशेषण सोळाव्या.

दोघांचे मूळ मात्र एकच, लॅटिन ‘एक्सिगेरे’. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘आगेरे’ म्हणजे हाकणे. बाहेर काढणे, त्यावरून येणे वसूल करणे, आणि पुढे तोलून-मापून पाहणे, असा अर्थ सरकत गेला. करवसुली करणाऱ्या रोमन माणसाला ‘एक्साक्तोर’ म्हणत. तराजूच्या काट्याला ‘एक्सामेन’ म्हणत. आपली ‘एक्झाम’ तिथली. धातूचा कस पाहण्याला इंग्रजीत ‘अ‍ॅसे’ म्हणतात, तोही याच घराण्यातला.

लक्ष्मी रस्त्यावर घेतलेल्या दागिन्यावरचा ९१६ हा आकडा, म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, अशाच तपासणीवर उभा असतो. अग्निपरीक्षेच्या पद्धतीत तोललेला नमुना चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत तापवतात. तांब्यासारखे कमी मोलाचे धातू शिशाबरोबर निघून जातात. उरलेला मणी चपटा करून नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी विरघळते, सोने राहते, ते पुन्हा तोलतात. चांदी सोन्याच्या सुमारे अडीचपट घ्यावी लागते. कमी पडली तर आम्ल आतपर्यंत पोचत नाही, चांदी अडकून राहते आणि सोने खऱ्यापेक्षा जास्त भरते.

वापरताना एक प्रश्न विचारावा : मागणारा कोण? ‘एग्झॅक्टिंग’ ग्राहक असतो, शिक्षक असतो, निकष असतात, कामही असते. मोजलेला आकडा ‘एग्झॅक्ट’ असतो. ±०.०१ मिमीची मर्यादा पाळा म्हणणारा ग्राहक ‘एग्झॅक्टिंग’. प्रत्येक भाग मायक्रोमीटर या मापयंत्राने मोजून ती पाळणारा तपासनीस ‘मेटिक्युलस’, म्हणजे बारकाईने काम करणारा. स्वतःच्या कामाला ‘एग्झॅक्टिंग’ म्हटले, तर ते काम निगुतीने केले असा अर्थ होत नाही. काम कस पाहणारे आहे, असा होतो. बायोडेटात ही चूक फार आढळते. ‘स्ट्रिक्ट’ही वेगळा : त्यात नियम आणि शिस्त आहे, कामाच्या दर्जाची अपेक्षा असेलच असे नाही.

मराठी करताना एकच प्रतिशब्द सगळीकडे चालवू नये. निकषांना ‘काटेकोर’, कामाला ‘कस लावणारे’, ग्राहकाला ‘चोखंदळ’ चालेल; पण ‘चोखंदळ’मध्ये आवडीनिवडीची छटा आहे, म्हणून कारखान्याच्या कागदांत तो टाळलेला बरा. तुमच्या फलकावर ‘ग्राहकाचे निकष काटेकोर आहेत, किरकोळ त्रुटीही चालणार नाही’ असे सरळ लिहा.