आधी घरी येऊ दे त्याला

प्रिय बाळा,

तुझं पत्र वाचलं. बहिणीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे तू ऑनलाइन जुगारात घालवलेस. तेव्हापासून दर आठवड्याला नोव्हेनाची प्रार्थना, उपवासकाळात कडक उपास, म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, फेस्ताला (सणाला) मेणबत्त्या, सगळं केलंस. तरी मिस्सेत कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायच्या रांगेत उभं राहायला पाय उचलत नाही. ‘किती केलं म्हणजे पुरेल?’ असं विचारतोस.

कितीही केलंस तरी पुरणार नाही, बाळा. तुला खचवायला हे लिहीत नाहीये. पुरवायची जबाबदारी तुझ्यावर टाकलेलीच नाही, म्हणून लिहितोय.

त्या फेस्ताला मेणाचे हात, मेणाचे पाय, तान्ही बाळं विकायला असतात, तू पाहिलीच असशील. पाय बरा झालेला माणूस मेणाचा पाय वाहतो. सायबिणीला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानणारे हिंदूही तितक्याच भक्तीने येतात. आंगवण, म्हणजे नवस, फेडायला आलेल्या या माणसांना मी कधीच नावं ठेवणार नाही. मिळालेल्याबद्दलचे ते उपकार असतात. तू मात्र मेणबत्ती नेलीस ती हप्ता म्हणून. जे देणं ख्रिस्ताने क्रुसावर फेडलं, त्याचे हप्ते तू कोणाकडे भरतो आहेस?

लूकच्या शुभवर्तमानातला एकोणिसावा अध्याय काढ आणि जक्कयाची गोष्ट सावकाश वाच. यरीहोतला हा मुख्य जकातदार, लोकांना नाडून गबर झालेला. ठेंगणा, म्हणून येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला. येशूने मान वर करून त्याला नावाने हाक मारली आणि म्हणाला, आज मला तुझ्याच घरी उतरायचं आहे. ‘आधी लोकांचे पैसे परत कर, मग बघू’ असं काही म्हणाला नाही. गर्दी कुरकुरली, ते साहजिकच होतं. त्या गर्दीत त्याने लुबाडलेले लोकही असणार. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो, हे जक्कय बोलला ते त्यानंतर. हा क्रम नीट बघ. तू तो उलटा लावून बसला आहेस.

तुझा रूममेट म्हणतो, ‘तुम्ही कॅथलिक कर्मांवर तारण मिळवता.’ त्याला सांग, 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन या प्रोटेस्टंट पंथाचा जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, आपल्या कुठल्याही पात्रतेमुळे नव्हे, असं दोघांनी मिळून म्हटलं आहे. सत्कृत्यं त्या कृपेतून उगवतात. यावर त्याच्याशी वाद घालत बसू नकोस.

तू कुमसाराला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला, जा. गेले कित्येक महिने तू तेवढंच टाळतो आहेस, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. तिथेही क्षमेचे शब्द आधी कानावर पडतात आणि फादरनी दिलेलं प्रायश्चित्त तू नंतर बाहेर येऊन करतोस. काय झालं ते सरळ सांग, जुगाराचं नाव घेऊन सांग. ती सवय अजून सुटली नसेल तर तेही सांग. त्यासाठी डॉक्टरांची, समुपदेशकाची मदत घ्यावी लागली तर लाजू नकोस. कृपा अशा माणसांच्या हातूनही येते.

आणि बहिणीचे पैसे. देवाने क्षमा केली म्हणून ते बुडीत खात्यात जात नाहीत. पगारातून दर महिन्याला जमेल तेवढे, ठरल्या तारखेला तिच्या खात्यात टाक. तिचं एक वर्ष वाया गेलं, ते तुझ्या अश्रूंनी भरून निघणार नाही. ‘देवाने मला माफ केलं, तू का करत नाहीस?’ हे तिला चुकूनही म्हणू नकोस. तिने किती दिवसांनी बोलायचं ते तिचं तिला ठरवू दे. ती फोन उचलत नसेल, तर पहिल्या महिन्याचे पैसे आईकडे नेऊन दे, आणि कशाचे आहेत ते आईला स्वतः सांग.

तुझा,
काका