पॉलिशखालचा वाडा

दुरुस्त करून विकायला काढलेले जुने वाडे बघत फिरणाऱ्यांची संख्या वाढते आहे. पैठणपासून परांड्यापर्यंत प्रश्न येतात आणि बहुतेकांचा रोख एकच असतो: भाव बरोबर आहे का? भावाचं नंतर बघू. मराठवाड्यातला वाडा घेताना आधी दोनच गोष्टी बघायच्या, डोक्यावरचं माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत, आणि कागदावरचे वारस. आलेल्या पत्रांतली काही निवडून उत्तरं देतो.

प्रश्न : निवृत्तीनंतर राहायला म्हणून आम्ही नवरा-बायकोने दुरुस्त केलेले तीन वाडे बघितले. दलाल अर्ध्या तासात सगळं फिरवून आणतो, चहा पाजतो आणि टोकनचं काढतो. सगळेच वाडे छान दिसतात. बघायचं तरी काय? (शिक्षक दांपत्य, लातूर)

चहा घ्या, टोकन देऊ नका. दुसऱ्यांदा जा, शक्यतो भर पावसाळ्यात. रंगरंगोटी झाली की दोन-चार महिने कुठलाही वाडा देखणाच दिसतो.

सुरुवात ओसरीतल्या झोपाळ्यापासून नको, वरून करा. जिना चढून माळवदावर चाला. पाय दबतो का, पाणी साचल्याचे डाग आहेत का, उतार पन्हळीकडे आहे का, हे बघा. उजेडासाठी ठेवलेलं साणं असेल तर त्याच्या कडेला मातीचा थर किती जाड आहे ते मोजता येतं. पूर्वी दर पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकायची, जुनी मात्र कोणी काढायचं नाही, त्यामुळे थर चढत गेला. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे चार-साडेचार टन वजन. ते पेलणाऱ्या तुळया शंभर-दीडशे वर्षांच्या असू शकतात.

मग तुळया. मधोमध बघून उपयोग नाही, सागवान मध्ये सहसा कुजत नाही. तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे ओल धरते आणि वाळवी तिथूनच चढते. बॅटरी आणि लांब स्क्रूड्रायव्हर बरोबर ठेवा. मालकाची परवानगी घेऊन त्या टोकाशी हलकेच टोचा. धडधाकट लाकडाला ओरखडा पडतो, बस. एका वाड्यात गडद मेलामाइन पॉलिश मारलेली, आरशासारखी चकचकीत तुळई होती. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो ओला भुसा घेऊन. छताला पीओपी केलेलं असेल तर एक चौकोन उघडून दाखवा म्हणावं. मालक नाही म्हणाला तर ते उत्तरच समजा.

भिंतीचा खालचा तीन फुटांचा भाग हाताने चाचपा. लोणा लागलेला असेल तर पांढरी भुकटी बोटाला येते. दगड-मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट असेल तर ओल आत कोंडली गेली आहे असं धरा. आजकालच्या ‘रिस्टोरेशन’मधला हा सगळ्यात मोठा गुन्हा आहे, आणि दुर्दैवाने फोटोत तोच सगळ्यात सुंदर दिसतो.

आणखी एक गोष्ट दलाल सांगणार नाही: पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. आपल्याकडच्या पुष्कळ वाड्यांत ढेलजेत (दारालगतच्या पडवीत) किंवा चौकात अशी पेवं असतात. दुरुस्तीत त्यांच्यावर फरशी टाकून मोकळे होतात. पहारीच्या बोथट टोकाने फरशी ठोकत जा, पोकळ आवाज लगेच कळतो. पेव असणं वाईट नाही. मुरूम थराथराने धुमसून भरलेलं असलं तर काळजी नाही, नुसतं झाकलेलं असलं तर आहे.

शेवटी दुरुस्तीआधीचे फोटो मागा. ज्याने मनापासून काम केलं आहे तो माणूस फोटो दाखवल्याशिवाय तुम्हाला सोडणारच नाही.

प्रश्न : मला दगडी वाडा आवडतो, पण आई-वडील ऐकत नाहीत. किल्लारीचा भूकंप त्यांनी बघितलाय. दगड-मातीचं घर म्हटलं की वडील उठून बाहेर जातात. त्यांची भीती खरी आहे का? (एक वाचक, औसा)

खरी आहे, आणि त्यांना ‘तो काळ गेला’ असं सांगू नका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली ती मुख्यत्वे घरांखाली दबून. त्याआधी हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जायचा. 2002 च्या भूकंपविषयक मानकात तो तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात गेला.

घरं का पडली हे समजलं की वाडा कसा बघायचा तेही समजतं. आपली दोन-अडीच फुटी भिंत एकसंध नसते. आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन पदर, मधे चिपा आणि माती. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नसतील तर हादऱ्याने पदर सुटतात, भिंतीला पोट येतं आणि ती फाकते. वर माळवदाची टनावारी माती तयारच असते. पण किल्लारीच्या परिसरात एक गोष्ट दिसली. जिथे खणाचं घर होतं, म्हणजे छताचा भार भिंतीवर न टाकता लाकडी खांब-तुळयांच्या चौकटीवर घेतला होता, तिथे भिंती ढासळूनही चौकट उभी राहिल्याची उदाहरणं आहेत.

तेव्हा वडिलांना घेऊनच वाडा बघा, त्यांची नजर कामाची आहे. ओळंबा लावून भिंतीचं पोट तपासा. खांब खणाचे आहेत की नुसते शोभेचे, ते बघा. मग विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. माळवदावरची जास्तीची माती उतरवली का? भिंतीला साधारण मीटरभर अंतरावर भोकं पाडून, आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीटचे आरपार बांध घातले का? छताच्या पातळीला चारी भिंती एकत्र बांधणारा पट्टा आणि खांब-तुळईच्या सांध्यात तिरके आधार दिले का? तिन्हींना ‘हो’ असेल आणि पुराव्याला फोटो असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला नेऊन पुढे बोला. तिन्हींना ‘त्याची काय गरज’ असेल तर वडिलांबरोबर बाहेर या.

भेग दिसली तर तिच्यावर पातळ काचपट्टी प्लास्टरने आडवी चिकटवून वर तारीख लिहायची. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. मालकाला घाई नसेल तर एक पावसाळा हा प्रयोग करा.

प्रश्न : वाड्याचे चार भाऊ वाटेकरी. त्यातला एक जण आपला चार आण्यांचा हिस्सा स्वस्तात द्यायला तयार आहे. त्याचा भाग त्याने छान दुरुस्तही केलाय. बाकीचे नंतर विकतीलच, असं तो म्हणतो. घ्यावा का? (व्यापारी, बीड)

घेऊ नका. स्वस्त आहे त्याला कारण आहे.

सरस-निरस वाटप, म्हणजे कुठला भाग कोणाचा याची रीतसर विभागणी, झालेलं नसेल तर ‘त्याचा भाग’ म्हणून काही नाही, वहिवाट आहे फक्त. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 44 प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने विकत घेतला तरी त्याला त्या घरात एकत्र ताबा मागता येत नाही. म्हणजे पैसे मोजून तुम्ही दाराबाहेरच. वाटपाचा दावा लावलात तर वाटप कायदा, 1893 च्या कलम 4 ने घरातले वाटेकरी न्यायालय ठरवील त्या किमतीला तुमचा हिस्सा उलट तुमच्याकडूनच विकत मागू शकतात. शिवाय हे भाऊ एकाच वडिलांचे वारस असतील तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे हिस्सा आधी घेण्याचा हक्क त्यांचा.

आणि तुम्ही चार भाऊ लिहिलंत. बहिणी किती? हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो आणि प्रत्येक वेळी पलीकडे थोडी शांतता असते. याच वारसा कायद्याच्या 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत वाटप किंवा न्यायालयाचा हुकूमनामा झाला असेल तर गोष्ट वेगळी. एरवी बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. ‘त्यांनी साध्या बाँडवर लिहून दिलंय’ यावर विसंबून वाडा घेऊ नये.

प्रश्न : मी अशीच एक बहीण. माहेरचा वाडा भावांनी विकायला काढलाय, सही मागताहेत. साडी-चोळी करून मोकळं होऊ म्हणतात. सही दिली नाही तर वाईटपणा येतो. (एक भगिनी, जालना)

ताई, वाईटपणा कसा निभवायचा ते तुम्हीच ठरवा, कागदाचं मी सांगतो. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की हिस्सा गेला. त्यापेक्षा विक्रीच्या खरेदीखतातच तुम्ही लिहून देणार (म्हणजे विकणारी) म्हणून या आणि तुमच्या वाट्याची रक्कम थेट तुमच्या खात्यात आल्याचा उल्लेख त्यात करून घ्या. घेणाऱ्यालाही हेच सोयीचं असतं, तोच भावांना गळ घालील. हक्क सोडायचाच असेल तर जरूर सोडा, पण वाड्याची किंमत किती ठरली हे समजल्यावर.

प्रश्न : बेगमपुऱ्यात मकबऱ्याजवळ एक हवेलीवजा घर बघितलं. कागदपत्रं उर्दूत आहेत. ‘फेरफार आमच्या नावावर आहे, बाकी चिंता नको’ असं मालक म्हणतात. वर एक मजला चढवून होम-स्टे करायचा विचार आहे. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

मजल्याचं आधी विसरा. बीबी का मकबरा हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतरच्या प्राचीन स्मारक कायद्याप्रमाणे संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे आणखी 200 मीटरपर्यंत परवानगीशिवाय नाही. अंतर घुमटापासून नाही, स्मारकाच्या हद्दीपासून मोजतात, इथेच लोक फसतात. 100 मीटरच्या आत 16 जून 1992 पूर्वीपासून असलेल्या घराची दुरुस्ती करता येते, तीही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेऊन. त्यामुळे विक्रेत्याने दुरुस्ती केली तेव्हाची परवानगी आधी मागा.

उर्दू कागदांना भ्यायचं कारण नाही. निजामाच्या राजवटीतले आपल्याकडचे पुष्कळ दस्त तसेच आहेत. दुय्यम निबंधकाकडून नक्कल काढा आणि भाषांतर तुमच्या माणसाकडून करून घ्या, विक्रेत्याच्या नको. जागा मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेल्या), खिदमतमाश (सेवेपोटी दिलेल्या) किंवा देवस्थान इनामाची आहे का आणि वक्फच्या यादीत आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. वक्फ मंडळाचं कार्यालय तुमच्या शहरातच, पाणचक्कीत आहे. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती दस्ताने ठरते. आणि पुढच्या बाजूला जुनं दुकान भाड्याने दिलेलं असेल तर ते रिकामं होईल हे गृहीत धरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 भाडेकरूच्या पाठीशी आहे.

प्रश्न : आयुष्य दुष्काळात गेलं, आता समुद्राकाठी राहायचंय. कोकणात किनाऱ्याजवळ दुरुस्त केलेली जुनी घरं विकायला आहेत, पुढच्या महिन्यात बघायला जातोय. वाड्याचे नियम तिथे चालतील? (निवृत्त कर्मचारी, परभणी)

वारसांचे चालतील, किंबहुना जास्तच. तिथल्या सातबारावर मुंबईकर चुलत्यांची रांग असते. माळवदाचे चालणार नाहीत. आपल्याकडे वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, रत्नागिरीकडे 3000 च्या वर. तिथे घर वाचतं ते उतरत्या कौलांनी आणि दरवर्षीच्या शाकारणीने, म्हणजे कौलं काढून पुन्हा नीट बसवण्याने. वासे आणि रिपा बदलल्यात का, जांभ्याच्या भिंतींवर पावसाचा मारा कुठल्या बाजूने येतो, हे बघा. जांभा पाणी पितो, त्याला सिमेंटमध्ये गुंडाळलेलं घर नको. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. जुन्या घराला मजबुतीसाठी काँक्रीटचे खांब दिले असतील आणि त्यांचे पापुद्रे सुटत असतील तर आतली सळई फुगली आहे.

भरतीरेषेपासून घर किती दूर आहे ते मंजूर किनारी नकाशावर बघा. किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर दाट वस्तीच्या भागात 50 आणि इतरत्र 200 मीटरच्या आत नव्या विकासाला मनाई आहे. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, पण पाया आणि चटईक्षेत्र वाढवायचं नाही. मागे बांधलेली ‘नवीन खोली’ अधिकृत आहे का ते विचारा. घराबरोबर नारळ-सुपारीची वाडी असेल तर ती शेतजमीन असते. ती घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, तेव्हा स्वतःचा सातबारा बरोबर ठेवा. वाडीच्या सातबारावर ‘इतर हक्कां’च्या रकान्यात कुळाचं नाव असेल तर वकील करा.

आणि जूनमध्ये एकदा आठ दिवस राहून या. समुद्र सगळ्यांना आवडतो, कपाटातली बुरशी कोणालाच नाही.

प्रश्न : जुन्या गावात गोदावरीजवळ वाडा घेतोय. बँक कर्जाला खळखळ करते. (एक वाचक, नांदेड)

करणारच. मंजूर नकाशा नाही, वय मोठं, म्हणून बँक इमारतीचं उरलेलं आयुर्मान सांगणारा इंजिनिअरचा दाखला मागते. मालमत्ता पत्रक आणि मालकीच्या दस्तांचा शोध अहवाल आधी तयार ठेवा. पण कर्जाच्या आधी पूररेषा बघा: निळी (अधूनमधून येणाऱ्या मोठ्या पुराची) कुठून जाते, लाल (क्वचित येणाऱ्या महापुराची) कुठून. 2006 च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून सोडलेलं पाणी गोदाकाठच्या वस्त्यांत शिरलं होतं. तेव्हा पाणी कुठल्या पायरीला होतं, हे शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

प्रश्न : वाडा घेतला. माळवद गळतंय. मिस्त्री म्हणतो, काढून स्लॅब टाकू. (एक वाचिका, धाराशिव)

स्लॅब नको. मातीत बांधलेल्या भिंतींवर त्याचं वजन टाकायचं नाही, आणि भिंत व स्लॅब हादऱ्यात वेगवेगळे वागतात. आधी गळती कुठून आहे ते शोधा. बहुतेक वेळा पन्हळ तुंबलेली असते किंवा कठड्याच्या सांध्यातून पाणी येतं. तेवढं नीट करून थांबलं तर उत्तम. नाही तर माती पूर्ण उतरवा, कुजलेल्या कड्या आणि पाट बदला, टोकांना वाळवीचं औषध द्या. वर जलरोधक पडदा अंथरून त्यावर चुना आणि विटांच्या चुऱ्याचा तीन-चार इंचांचा कोबा उतार देऊन घाला. कोबा सात-आठ दिवस ओला ठेवून धोपटावा लागतो. धोपटायला माणसं मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे. अंबाजोगाई-पैठणकडे जुन्या देवळांची कामं केलेले मिस्त्री शोधा आणि मार्चमध्येच बोलून ठेवा. मे अखेर कोबा वाळायला हवा.