भांडण दाखल्याशी करा

प्रश्न : आम्ही केज तालुक्यातले. पक्षाघातानंतर नवरा अंथरुणाला खिळलाय, दिव्यांग प्रमाणपत्र 75 टक्क्यांचं. त्यांचं सगळं मीच करते, म्हणून माझीही मजुरी सुटली. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज 'उत्पन्न जास्त' म्हणून नामंजूर झाला. उत्पन्नाच्या दाखल्यावर 62,000 रुपये आहेत. कोर्टातून ही अट बदलून घेता येईल का? घरी सेवा करणाऱ्याला सरकार काहीच देत नाही का?

उत्तर : ताई, अट बदलायला कोर्टाची पायरी चढू नका. दिव्यांगांसाठी वर्षाला 50,000 ही मर्यादा फारच कमी आहे, मलाही पटत नाही. पण तो आकडा शासन ठरवतं आणि औरंगाबाद खंडपीठ सहसा त्यात हात घालत नाही. तुमचं भांडण दाखल्याशी आहे. 62,000 मध्ये दोघांची आजारपणाआधीची मजुरी धरलेली दिसते. आज दोन्ही बंद आहेत. तलाठ्याकडून नव्याने चौकशी करून घ्या : दोघं कधीपासून कामाला जात नाही, रान किती, त्यात पिकतं काय. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड जोडा, त्यावरची तारीख महत्त्वाची. नवा दाखला निघाला की अर्ज पुन्हा तहसीलला टाका.

आता तुमच्या सेवेचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 24 मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. त्याच कलमात 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असे शब्द घालून सरकारने पळवाटही ठेवलीय. म्हणून थेट भत्ता मागण्यापेक्षा कलम 38 धरा. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यासाठी घरचं माणूसही जास्त आधाराचा अर्ज करू शकतं आणि तो मूल्यमापन मंडळाकडे पाठवावाच लागतो. या कलमात उत्पन्नाची अट नाही, प्रश्न गरजेचा आहे. अर्जात मोघम लिहू नका. रात्री किती वेळा कूस बदलावी लागते, नळीतून कोण भरवतं, पाठीला जखम झालीय का, हे लिहा. अर्ज कुठे द्यायचा ते जिल्हा समाज कल्याण कार्यालयात विचारून तिथे द्या, प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांना पाठवा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तरच आलं नाही, तर 'अर्जावर निर्णय द्या' एवढ्यासाठी खंडपीठात जाता येतं. अशी मागणी कोर्ट ऐकतं. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

तोवर ग्रामसेवकाला गाठा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. एअर बेडची लेखी मागणी त्यातून करा.