नैसर्गिक निवड दुबळे गुण काढून टाकते, तर सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार हजारो वर्षं टिकले कसे? मलेरिया आटोक्यात आला की ते आपोआप जातील का? लग्नाआधी तपासणी हवीच का?

तुमच्या प्रश्नातले 'दुबळे गुण' हे शब्द वाचले आणि तपासायला घेतलेल्या उत्तरपत्रिका बाजूला ठेवल्या. २४ वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भाऊजींनी गिरगावच्या आमच्या घरात, सगळ्यांसमोर, मला हेच ऐकवलं होतं. "सशक्त तोच टिकतो, डार्विनने सांगून ठेवलंय. हिच्या माहेरच्या रक्तात खोट आहे, आपल्याकडे असलं काही नाही." तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. तेव्हाचं आज देते.

मी थॅलेसेमिया मायनर आहे, म्हणजे वाहक: जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली. दोन्ही बिघडल्या की मेजर. लालबागच्या चाळीत वाढले. शाळेत असल्यापासून 'अंगात रक्त नाही' म्हणून लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे. हिमोग्लोबिन दहाच्या वर कधी गेलंच नाही. आई म्हणायची, तू गोळ्या खिडकीतून टाकतेस. मी एकही टाकली नव्हती.

लग्नानंतर दिवस राहिले. चौथ्या महिन्यात एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी माझा रिपोर्ट दोनदा वाचला. हिमोग्लोबिन ९.८, पण तांबड्या पेशी ५० लाख आणि पेशीचा आकार, म्हणजे एमसीव्ही, फक्त ६४. त्यांनी केसपेपरच्या कोपऱ्यात ६४ ला ५ ने भागलं. १२.८. "१३ च्या खाली आलं की नुसतं लोह कमी आहे म्हणून सोडायचं नाही, थॅलेसेमिया बघायचा," म्हणाल्या. मी गणित शिकवते. पंधरा वर्षांच्या गोळ्यांचा हिशेब त्या एका भागाकारात लागला. एचबीए२ ची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराच्या प्रमाणाची, तपासणी झाली, ५.१ टक्के आलं. साडेतीनच्या वर गेलं की वाहक असण्याची शंका घेतात, माझं तर स्पष्टच होतं.

आता नवऱ्याचं रक्त तपासायला हवं होतं. तोही वाहक निघाला तर मूल मेजर होण्याची शक्यता चारात एक. मेजर म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, त्यातून साठणारं लोह काढायची औषधं वेगळी, आणि हे जन्मभर. गर्भाची तपासणी करायची तर वेळ थोडा होता, कारण कायद्याची मर्यादा तेव्हा २० आठवड्यांची होती. आणि घरात वाद काय, तर मुलाने रक्त का द्यायचं! लग्न जुळवताना आमची नाड पाहिली होती, गोत्र पाहिलं होतं, रक्तगट विचारला होता. एकाच रक्तगटाने मुलाला काही होत नाही, एकनाडीनेही नाही, पण त्यावर स्थळं मोडतात. ज्याने खरंच होतं ते विचारलं तर 'घराण्याचा अपमान'. भाऊजी म्हणाले, "हा आजार सिंधी लोकांचा. आपल्यात नसतो." अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी नवरा ऑफिसला जातो सांगून परळला गेला आणि रक्त देऊन आला. त्याचं नॉर्मल आलं. भाऊजींना वाटलं, तेच खरे ठरले. ते अकरा दिवस मी त्यांना अजून माफ केलेले नाहीत.

आता तुमचा प्रश्न. निसर्गाला खोट दिसत नाही. किती मुलं वाढून पुढे त्यांना मुलं झाली, एवढंच मोजलं जातं. १९४९ साली जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी शंका मांडली की थॅलेसेमियाचे वाहक मलेरियात जास्त तगत असावेत, म्हणून तो भूमध्य समुद्राच्या आसपास इतका आढळतो. १९५४ मध्ये डॉक्टर अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत ते दाखवून दिलं. वाहकाच्या पेशीत फाल्सिपॅरम, म्हणजे सर्वांत घातक मलेरियाचा जंतू शिरला की ती पेशी लवकर वाकडी होते आणि प्लीहा तिला काढून टाकते. जंतूला वाढायला अवधी मिळत नाही.

मी हे वर्गात फळ्यावर करून दाखवते. १०० मुलं घ्या. प्रत्येकाला जनुकाच्या दोन प्रती, एकूण २००, त्यांत २० सिकलसेलच्या. मुलं अशी पडतात: ८१ साधी, १८ वाहक, १ आजारी. उपचार नसलेल्या काळात ते आजारी मूल जगत नाही, २० पैकी २ प्रती गेल्या. इकडे मलेरियाने ८१ पैकी ९ साधी मुलं नेली, साध्या १८० पैकी १८ प्रती गेल्या. दोन्हीकडे दहावा हिस्सा. प्रमाण जिथल्या तिथे! पिढ्यान् पिढ्या हेच चालतं. मलेरिया लहान मुलांना नेत राहिला तर हे जनुक संपणारच नाही. त्या एका मुलाची किंमत निसर्गाने मोजली नाही, ती त्याच्या आईने मोजली.

आणि हे लांबचं नाही. मुंबईतल्या मलेरियाची चौकशी करून डॉ. बेंटली यांनी १९११ मध्ये अहवाल दिला, त्यात शहरातल्या विहिरींवर बोट ठेवलं होतं. त्यांत वाढणारा अ‍ॅनॉफिलीस स्टेफेन्सी डास आजही इमारतींच्या पाण्याच्या टाक्यांत सापडतो. माझ्या पूर्वजांत मलेरियातून वाचलेली पोरं असणारच. त्यांच्याकडून आलेल्या रक्ताला कोणी दुबळं म्हणू नये. 'सशक्त तोच टिकतो' हे शब्दही आधी तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचे, डार्विनने ते नंतर उचलले.

मलेरिया गेला तर आपोआप जातील? जातील, पण तुमच्या पणतवंडांच्याही हयातीत नाही. वरच्याच उदाहरणात मलेरिया शून्य धरा. सिकलसेलच्या प्रती दहा टक्क्यांच्या पाच टक्के व्हायला १० पिढ्या लागतात, पाचाचे अडीच व्हायला आणखी २०. कारण बहुतेक प्रती निरोगी वाहकांत असतात आणि वाहकाला काही होत नाही. म्हणून निसर्गावर सोपवू नका, तपासणी करा. सायप्रसमध्ये लग्नाआधी तपासणीचा दाखला चर्चमध्ये द्यावा लागू लागला आणि मेजर मुलांचे जन्म जवळपास थांबले. तिथे वाहकांची लग्नं बंद झाली नाहीत, दोघंही वाहक असले तर गर्भाची तपासणी होऊ लागली. आपल्याकडे १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, ते मुख्यतः आदिवासी भागांसाठी. गडचिरोली-नंदुरबारला शाळेतल्या पोरांचं रक्त तपासलं जातं आणि मुंबईत हॉलच्या बुकिंगला दोन लाख देणारे लोक हजार-दीड हजाराच्या तपासणीला नाकं मुरडतात.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. वाहकाला मलेरिया होतो, फक्त जीवघेणा होण्याचा धोका कमी, तेव्हा ताप आला की तपासा. थॅलेसेमियाच्या वाहकांत हे संरक्षण सिकलसेलइतकं ठळक नाही. आणि मायनर असलेल्या बाईला लोहाची कमतरताही असू शकते, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघितल्याशिवाय गोळ्या बंद करू नका आणि वर्षानुवर्षं घेऊही नका. १३ चा भागाकार हा अंदाज आहे, निदान नव्हे.

माझी मुलगी वाहक आहे, तिला दहावीतच सांगितलं. भाऊजींच्या मुलाचं यंदा ठरलंय. मुलगी मुलुंडची, कच्छी भानुशाली. त्या समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण जास्त आहे. तिने आपला रिपोर्ट स्वतःहून दिला, ती वाहक आहे. भाऊजी म्हणाले, "आपल्या मुलाचं तपासायची गरज नाही." पुतण्या मात्र परवा माझ्याकडे आला, "काकू, कुठे जाऊ?" काल त्याने सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, पाठवला, एमसीव्ही ८६. त्याला वाटलं, सुटलो. मी म्हटलं, सिकलसेलच्या वाहकाचा एमसीव्ही साधाच असतो, आणि एकाकडून थॅलेसेमिया नि दुसऱ्याकडून सिकलसेल आलं तरी मूल आजारी होतं. सोमवारी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, करून ये, मी बरोबर येते.